देवाचं नाव लिहिताना आणि उच्चारताना: ज्यू रिवाजाप्रमाणे काम कसं करावं

लग्नपत्रिका, स्मरणिका, कबरीचा दगड, भाषांतर, सिनेगॉगमधलं (ज्यू प्रार्थनामंदिरातलं) भाषण, घरातला मलिद्याचा विधी. या सगळ्या ठिकाणी ज्यू धर्मातल्या देवाच्या नावाशी मराठी माणसाचा संबंध येतो, आणि बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. नाव आधी छापलं जातं, त्या कागदाचं पुढे काय होणार हा विचार नंतर येतो. तोवर पत्रिका वाटून झालेल्या असतात आणि उरलेला गठ्ठा रद्दीत गेलेला असतो.

डीटीपी करणारे, भाषांतरकार, सूत्रसंचालक, फोटोग्राफर आणि घरच्या रीती नीट समजून घ्यायच्या आहेत असे बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी ज्यू समाजातले) तरुण यांच्यासाठी हे लिहितो आहे. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून टप्पे गाळू नका. इथे नावं समजावण्यापुरती देवनागरीत दिली आहेत. लेख कुणाला मोठ्याने वाचून दाखवणार असाल तर आधी टप्पा ५ वाचा.

## टप्पा १: समोर कोणतं नाव आहे ते ओळखा

सगळ्यात पवित्र नाव चार हिब्रू अक्षरांचं आहे. त्या अक्षरांची नावं: योद, ‘हे’, वाव, ‘हे’. ते जसं लिहिलं आहे तसं उच्चारलं जात नाही. त्याच्या जागी प्रार्थनेत ‘अदोनाय’ म्हणतात.

याशिवाय आणखी काही नावं अशी आहेत की एकदा हिब्रूत लिहिली की ती पुसता येत नाहीत: अदोनाय (हे नाव स्वतः त्याच अक्षरांत लिहिलेलं असतं तेव्हा), एल, एलोहा, एलोहीम, एह्ये, शद्दाय, त्सेवाओत. मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मायमोनिदीस या यादीला सात नावं म्हणतो. मोजणीत ग्रंथागणिक थोडा फरक आहे, पण तुमच्या कामापुरतं ही सगळीच नावं राखीव धरा. आधार ‘तोरा’ या मूळ धर्मग्रंथातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा, १२:३-४चा आहे. मूर्तिपूजकांच्या देवांची नावं पुसून टाका, पण तुमच्या देवाच्या बाबतीत तसं करू नका, असं तिथे म्हटलं आहे.

देवाची विशेषणं या यादीत येत नाहीत. रहूम म्हणजे दयाळू, हन्नून म्हणजे कृपाळू, गादोल म्हणजे महान. हे शब्द चुकले तर खोडता येतात.

बारकावे इथे सुरू होतात. नावाच्या आधी जोडलेलं अक्षर, उदाहरणार्थ ‘ला’ या अर्थाचं लामेद, पुसता येतं. नावाच्या शेवटी जोडलेलं मात्र पुसता येत नाही. ‘एलोहेखा’ म्हणजे ‘तुझा देव’. यातला ‘खा’ हा नावाचाच भाग धरतात. अर्धवट लिहिलेल्या नावालाही नियम आहे. एलोहीम लिहायला घेतलं आणि ‘एल’पाशी हात थांबला, तर ते ‘एल’ पुसायचं नाही, कारण ते स्वतःच एक नाव आहे. शद्दायचं पहिलंच अक्षर लिहून थांबलात तर ते पुसता येतं.

तपासा: ‘एलोहीम’ दिसलं की संदर्भ वाचा. ‘एलोहीम अहेरीम’ म्हणजे इतर दैवतं, तिथे ते पवित्र नाव नाही. काही ठिकाणी न्यायाधीशांसाठीही हाच शब्द येतो. खात्री नसेल तर पवित्र धरूनच चाला.

## टप्पा २: लिहिण्याआधी कागदाचा शेवट ठरवा

बहुतेक लोक हाच टप्पा सोडतात. शुल्हान आरूख या ज्यू धर्मनियमांच्या संहितेवर ‘रमा’ या रब्बींनी (धर्मगुरूंनी) लिहिलेल्या टिपेत स्पष्ट सांगितलं आहे की ग्रंथाबाहेर, म्हणजे पत्रात वगैरे, नाव मुळात लिहूच नये, कारण तो कागद कुठेतरी पडेल आणि नावाची अवहेलना होईल. आजच्या पत्रिकेला, पत्रकाला, सूचनाफलकाला हे जसंच्या तसं लागू पडतं.

म्हणून मजकूर हातात आला की एकच प्रश्न विचारा: सहा महिन्यांनी हा कागद कुठे असेल?

सिनेगॉगच्या कपाटात राहणारं प्रार्थनापुस्तक असेल तर पूर्ण नाव छापायला हरकत नाही. पाहुण्यांच्या पर्समध्ये, गाडीच्या डॅशबोर्डवर, मग कचऱ्यात जाणारा कागद असेल तर पूर्ण नाव नको. मधली गोष्ट म्हणजे एका कार्यक्रमापुरती छापलेली प्रार्थनेची पुस्तिका. तिच्यावर पूर्ण नाव हवंच असेल तर लागतील तेवढ्याच प्रती काढा, दाराशी मोजून द्या आणि जाताना मोजून परत घ्या. ही जबाबदारी घेणारा माणूस आधी नक्की करा. कुणी तयार नसेल तर पर्यायी खुणा वापरा.

पत्रिकेसाठी वचन निवडतानाच शहाणपण दाखवलं तर पुढचा अर्धा त्रास वाचतो. यिर्मया ३३:११ मधला ‘कोल सासोन वे कोल सिम्हा, कोल हातान वे कोल कल्ला’ (आनंदाचा आणि हर्षाचा आवाज, नवरदेवाचा आणि नवरीचा आवाज) हा तुकडा लग्नाला शोभतो आणि त्यात नाव नाही. स्तोत्र ११८:२४ ‘हा दिवस…’ हेही लोकप्रिय आहे, पण त्यात चार अक्षरी नाव येतं. स्वागताच्या कमानीवर स्तोत्र ११८:२६ पूर्ण छापू नका, कारण पुढे नाव येतं. फक्त ‘बारूख हाबा’ इतकंच छापतात आणि ते पुरेसं असतं.

## टप्पा ३: लिहा, पण योग्य रूपात

मराठीत. परमेश्वर, देव, ईश्वर हे शब्द निर्धास्त वापरा. ‘यहोवा’ आणि ‘याहवे’ मात्र ज्यू संदर्भात टाळा. हिब्रू बायबलच्या छापील प्रतीत चार व्यंजनांवर ‘अदोनाय’च्या स्वरखुणा दिलेल्या असतात, वाचणाऱ्याला काय म्हणायचं ते आठवावं म्हणून. ती व्यंजनं आणि त्या खुणा एकत्र वाचल्या की पहिलं रूप तयार होतं. दुसरं रूप अभ्यासकांनी तर्काने जुळवलेलं आहे. ज्यू वाचकाला दोन्ही खटकतात. अभ्यासपूर्ण लेख असेल तर ‘चार अक्षरी नाव’ म्हणा. अर्थ पोचतो आणि कुणी दुखावत नाही.

इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्यांची एक नेहमीची गफलत इथेच सांगतो. इंग्रजी बायबलमध्ये ‘लॉर्ड’ हा शब्द सगळ्या मोठ्या अक्षरांत असेल तर मुळात चार अक्षरी नाव असतं. फक्त पहिलं अक्षर मोठं असेल तर बहुधा ‘अदोनाय’ असतं. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे ‘प्रभू’ लिहिलं जातं आणि दोन वेगळी नावं एक होऊन जातात. पहिल्यासाठी ‘परमेश्वर’ आणि दुसऱ्यासाठी ‘प्रभू’ असं सुरुवातीलाच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

इंग्रजीत देवाच्या नावात आडवी रेघ घालायची पद्धत पाहून काही जण मराठीतही ‘दे-व’, ‘ई-श्वर’ असं लिहितात. माझं मत विचाराल तर आपणहून असं करू नका. परभाषेत लिहिलेलं नाव हे न पुसण्याच्या यादीतलं नाव नव्हे, असं सतराव्या शतकातल्या शाख या भाष्यकाराचं मत आहे. काही रब्बी त्याहून कडक आहेत. ज्यांच्यासाठी काम करता त्या कुटुंबाला विचारा. त्यांना रेघ हवी असेल तर घाला आणि सगळीकडे घाला. मात्र मराठीत ‘परमेश्वर’ लिहिलेला कागदही पायदळी जाऊ देऊ नये, यावर दुमत नाही.

हिब्रूत. रोजच्या वापरात चार अक्षरी नावाऐवजी तीन रूपं दिसतात. ‘हे’ हे अक्षर आणि त्यापुढे छोटी खूण. ‘दालेत’ आणि खूण. किंवा दोन ‘योद’ शेजारी शेजारी, जे बऱ्याच प्रार्थनापुस्तकांत असतं. पत्रिका आणि पत्रकांसाठी पहिलं रूप घ्या. एलोहीमसारख्या नावात ‘हे’च्या जागी ‘कोफ’ घालून ‘एलोकीम’ लिहितात.

पत्राच्या माथ्यावर ‘बेत-हे’ लिहिण्याची प्रथा तुम्ही पाहिली असेल. त्यातलं ‘हे’ नावाच्या जागी उभं आहे, म्हणून फेकल्या जाणाऱ्या कागदावर बरेच लोक त्याऐवजी ‘बेत-समेख-दालेत’ लिहितात. तो अरामी वाक्याचा संक्षेप आहे, ‘स्वर्गाच्या मदतीने’, आणि त्यात नावाचं अक्षर येत नाही. मी हेच सुचवतो.

आकड्यांत. हिब्रूत अक्षरांनीच आकडे लिहितात. योद म्हणजे १०, हे म्हणजे ५, वाव म्हणजे ६. सरळ हिशेबाने १५ लिहिलं तर योद-हे होतं, १६ लिहिलं तर योद-वाव. दोन्ही पवित्र नावाचे तुकडे. म्हणून १५ साठी तेत-वाव (९ + ६) आणि १६ साठी तेत-झाइन (९ + ७) लिहितात. ‘तू बिश्वात’मधला ‘तू’ म्हणजे हेच तेत-वाव, शवात महिन्याची १५ तारीख. त्या दिवशी कोकणात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा होतो, त्यामुळे बेने इस्राएल घरात हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा असतो. तरीही कबरीच्या दगडावर मृत्यूची हिब्रू तारीख कोरताना ही चूक होते, कारण कारागिराला कुणीतरी मोबाइलवरून अक्षरांचा तक्ता दाखवतं आणि तो बेरीज करून अक्षरं बसवतो.

सावध: दगडात चूक कोरली गेली तर ती खरवडायची की नाही हा नवाच प्रश्न उभा राहतो. १५ आणि १६ तारखांचा मजकूर कारागिराकडे जाण्याआधी हिब्रू वाचणाऱ्या दोन माणसांनी पाहिलेला असावा. वर्षाच्या शेवटच्या दोन आकड्यांतही १५ आणि १६ येऊ शकतात, तेही पाहा.

कबरीवरचा पाच अक्षरी संक्षेप, तव-नून-त्सादी-बेत-हे, पाहून घाबरू नका. तो ‘त्याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो’ या अर्थाचा आहे. त्यातलं शेवटचं ‘हे’ देवाच्या नावाचं नाही.

## टप्पा ४: छपाई आणि प्रूफ

हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केली की अक्षरं उलटी लागतात आणि नीट वाचता न येणाऱ्याला ते कळतही नाही. हिब्रू मजकूर जाणकाराकडून चित्ररूपात किंवा अक्षरांच्या बाह्यरेषा केलेल्या पीडीएफमध्ये घ्या. मग डोळ्यांनी एकच गोष्ट पाहा: ‘हे’ अक्षर उजवीकडे आणि त्याची छोटी खूण डावीकडे आहे ना? खूण उजवीकडे गेली असेल तर सगळी ओळ उलटलेली आहे.

पूर्ण नाव छापायचं ठरलंच असेल, तर प्रूफवर ते छापू नका. शेवटच्या प्रूफपर्यंत त्या जागी पर्यायी खूण ठेवा आणि मंजुरी मिळाल्यावरच बदला. नाहीतर प्रत्येक प्रूफ, त्यावर लाल पेनने मारलेली फुली, मशीनवर वाया गेलेले पहिले ताव, सगळंच जपून ठेवावं लागतं. फुली मारणं म्हणजेच खोडणं, हे प्रूफ तपासणाऱ्याला आधी सांगा.

छापखान्यात एक रिकामं खोकं ठेवा. नाव असलेला प्रत्येक खराब ताव त्यातच जाऊ दे. ताव मोजून द्या, मोजून घ्या.

पडद्यावरच्या मजकुराबद्दल बहुतेक रब्बी सौम्य आहेत. स्क्रीनवरची अक्षरं टिकाऊ लिखाण मानत नाहीत, त्यामुळे फाइलमधलं नाव डिलीट करायला हरकत नाही. छापलं की नियम बदलतो.

## टप्पा ५: उच्चार

आधी प्रसंग ओळखा. प्रार्थना चालू आहे, ब्राखा (‘बारूख अत्ता…’ने सुरू होणारं आशीर्वचन) म्हणायची आहे, किंवा सिनेगॉगमध्ये तोराचं विधिवत वाचन आहे? मग ‘अदोनाय’. गप्पा, व्याख्यान, वर्ग, गाण्याचा सराव? मग ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. इतर नावांची बोलण्यातली रूपं अशी: एलोकीम, केल, शकाय, त्सेवाकोत. अक्षरं सांगायची असतील तर ‘योद-के-वाव-के’ म्हणतात. सगळे ज्यू इतकं काटेकोर पाळतात असं नाही. इस्राएलमध्ये कितीतरी लोक बोलताना ‘एलोहीम’ सहज म्हणतात. पण पाहुणा म्हणून बोलणाऱ्याने काटेकोर बाजूला राहावं.

वाचनातली एक अडचण नवख्यांना फसवते. चार अक्षरी नाव ‘अदोनाय’ या शब्दाला लागूनच आलं तर दोनदा ‘अदोनाय’ म्हणत नाहीत. तिथे चार अक्षरी नाव ‘एलोहीम’ असं वाचतात. उत्पत्ती १५:२ मध्ये हे दिसतं, यहेज्केलच्या पुस्तकात तर वारंवार. अशा जागी छापील प्रतीतल्या स्वरखुणा बदललेल्या असतात, त्या पाहा.

ब्राखा सरावासाठी किंवा हौसेसाठी म्हणत नाहीत. विनाकारण म्हटलेल्या ब्राखेला ‘ब्राखा लेवताला’, वाया गेलेली ब्राखा म्हणतात आणि ती नाव व्यर्थ घेण्यातच जमा होते. मलिद्याच्या ताटाभोवती हे हमखास घडतं. गोड केलेले पोहे, त्यावर खोबरं, फळं मांडलेली असतात. हज्जान (प्रार्थना चालवणारे) एकेका फळावर ब्राखा म्हणत असतात आणि फोटोग्राफर म्हणतो, “अंकल, परत एकदा म्हणा ना, फ्रेममध्ये आलं नाही.” परत म्हणता येत नाही. फोटोग्राफरला कार्यक्रमाआधीच सांगून ठेवा की ब्राखा एकदाच होईल. नुसता अभिनय हवा असेल तर हज्जान ‘हाशेम’ घालून म्हणू शकतात.

लहान मुलांना ब्राखा शिकवताना मात्र पूर्ण नाव घ्यायला परवानगी आहे, नाहीतर त्यांच्या तोंडात चुकीचं रूप बसतं. मोठ्यांच्या वर्गात ‘हाशेम’ वापरा आणि खरं काय म्हणायचं ते एकदा सांगून ठेवा. मोठी माणसं घाईत प्रार्थनेतही ‘हाशेम’ म्हणून जातात, आणि हीदेखील चूकच आहे.

सावध: संडास-बाथरूममध्ये कोणतंही पवित्र नाव घेऊ नये. ‘शालोम’ हेही देवाचं नाव असल्याचं तलमूद, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा प्राचीन चर्चाग्रंथ, सांगतं, म्हणून स्नानगृहात त्या शब्दाने अभिवादन करत नाहीत. गळ्यातल्या लॉकेटवर नाव कोरलेलं असेल तर ते काढून किंवा झाकून आत जा. हिब्रूत देवाचं नाव अंगावर गोंदवून घेण्याची कल्पना तर सोडूनच द्या. गोंदवणं लेवीय १९:२८ प्रमाणे मुळातच निषिद्ध आहे, आणि अंगावर नाव लिहिलेल्या माणसाने आंघोळही करू नये असं तलमूद म्हणतं.

## टप्पा ६: चुकून उच्चार झाला तर

घाबरून माफी मागत बसू नका, लगेच करायची गोष्ट आहे. चुकीची किंवा अनावश्यक ब्राखा म्हणून गेलात तर लागोपाठ ‘बारूख शेम केवोद मालखुतो लेओलाम वाएद’ (त्याच्या राज्याच्या गौरवाचं नाव सदासर्वकाळ धन्य असो) म्हणायचं.

ब्राखा अर्धवट असतानाच चूक लक्षात आली तर आणखी चांगला मार्ग आहे. ‘बारूख अत्ता अदोनाय’ इथवर आलात आणि ध्यानात आलं की ही ब्राखा नको होती. तिथे थांबू नका. ‘लम्देनी हुक्केखा’ असं पूर्ण करा. आता ते स्तोत्र ११९:१२ मधलं वचन झालं, ‘तुझे नियम मला शिकव’. वचन म्हणणं व्यर्थ नसतं. हे दोन शब्द पाठच करून ठेवा, कारण त्या क्षणी आठवायला वेळ मिळत नाही.

## टप्पा ७: हाताने लिहून घ्यायचं असेल तर

मेझूझा (दाराच्या चौकटीवर डबीत लावायचं वचनांचं चर्मपत्र), तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी कपाळावर आणि हातावर बांधायच्या वचनांच्या डब्या), तोराची गुंडाळी फक्त प्रशिक्षित सोफेर, म्हणजे धर्मलेखक, लिहितो. तुमचं काम योग्य माणूस निवडणं आणि त्याला लिहिताना न अडवणं.

प्रत्येक वेळी नाव लिहिण्याआधी सोफेर ‘मी हे नाव त्याच्या पवित्रतेसाठी लिहितो आहे’ असं तोंडाने म्हणतो. नुसतं मनात आणण्यावर तो भागवत नाही. लेखणी शाईत बुडवून थेट नावाच्या पहिल्या अक्षरापासून सुरुवात करत नाही. शाई घेतल्यावर आधीचं निदान एक अक्षर लिहितो, मग नाव, म्हणजे शाईचा थेंब नावावर पडायचा धोका टळतो. नाव लिहिताना इस्राएलच्या राजाने जरी अभिवादन केलं तरी उत्तर द्यायचं नाही, असा नियम आहे. तेव्हा सोफेरच्या खोलीत जाऊन “काका, एक मिनिट” म्हणू नका. लेखणी खाली ठेवेपर्यंत थांबा.

इतर शब्द चुकला तर सुरीने खरवडून दुरुस्त करतात. देवाच्या नावात चूक झाली तर तोराच्या गुंडाळीतला तो सबंध ताव बाजूला जातो. मेझूझा आणि तेफिलीनमध्ये अक्षरं क्रमानेच लिहिलेली असावी लागतात, म्हणून राहून गेलेलं नाव मागाहून भरताही येत नाही. किंमत कशाची असते ते यावरून कळेल.

तपासा: स्वस्तात मिळणारा मेझूझा बहुतेकदा कागदावर छापलेला असतो. विधीला तो चालत नाही, पण त्यावर नाव असतं, म्हणून तो फेकताही येत नाही. घेण्याआधी डबी उघडून चर्मपत्र आणि हाताची शाई आहे का ते पाहा. घराला रंग काढताना डबीवर चिकटपट्टी लावून रंगाऱ्याला बजावा. सिनेगॉगच्या दुरुस्तीत भिंतीवरची हिब्रू ओळ ‘पुसट झाली’ म्हणून परस्पर खरवडू देऊ नका. आधी ती काय आहे ते वाचून घ्या.

## टप्पा ८: गेनिझा

जीर्ण झालेला पवित्र कागद ज्यू रिवाजात जाळत नाहीत आणि पाण्यातही सोडत नाहीत. आपल्याकडे जुनी पोथी, देवाचे फोटो विसर्जन करण्याची सवय इतकी मुरलेली आहे की शेजारी-पाजारी मदत म्हणून हेच सुचवतात. त्यांना प्रेमाने नाही म्हणा. अशा कागदाचं दफन होतं. दफनापर्यंत तो जिथे ठेवतात ती जागा म्हणजे गेनिझा. तोराची गुंडाळी मातीच्या भांड्यात ठेवून पुरतात.

आधी वर्गवारी करा. हिब्रू प्रार्थनापुस्तकं, तोराच्या छापील प्रती, त्यांच्या झेरॉक्स, मेझूझाचं चर्मपत्र, तेफिलीन पट्ट्यांसकट, टप्पा ४ मधल्या खोक्यातले ताव: हे सगळं गेनिझात. पर्यायी खूण असलेल्या पत्रिका, मराठी सूचना, हिशेबाचे कागद गेनिझात भरू नका. जागा कमी असते आणि खरी गरज असलेल्या पुस्तकांना ती उरत नाही. असे कागद दुसऱ्या कागदात गुंडाळून टाकले तरी मान राखला जातो. शंका असलेला कागद मात्र गेनिझातच टाका.

मुंबई, ठाणे, पनवेल, अलिबाग किंवा पुण्यातल्या सिनेगॉगला आधी फोन करा. गठ्ठा दारात ठेवून निघून जाऊ नका. पेटी भरल्यावर एकदम दफन करतात, त्यामुळे तुमच्या गठ्ठ्याला थांबावं लागेल. जवळ सिनेगॉग नसेल तर स्वच्छ, कोरड्या, बंद डब्यात ठेवा, स्वयंपाकघराच्या माळ्यावर किंवा चपलांच्या कपाटाजवळ नको. कापडात बांधा, वाळवी लागू नये म्हणून डबा जमिनीपासून उंच ठेवा. आणि वर मोठ्या अक्षरांत मराठीतच लिहा, ‘गेनिझा. रद्दीत देऊ नये.’ तुमच्या पश्चात घर आवरणाऱ्याला हिब्रू येत असेलच असं नाही.